विश्लेषण : मानवशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी विद्यापीठ कसे निवडावे? महाड-पोलादपूरच्या विद्यार्थ्यांनी क्रमवारीआधी काय पाहावे?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पोलादपूरच्या एसटी स्थानकाजवळ चहा पिताना एका मुलीने माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एक कागद भारतातल्या एका केंद्रीय विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या एम.ए.चा होता. दुसरा इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाच्या एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा. दोन्हीकडे विषय एकच, मानवशास्त्र. इंग्लंडमधल्या विद्यापीठाचे नाव जागतिक क्रमवारीत बरेच वर होते. मात्र तिथे जायचे तर मुंबईतली एकुलती एक खोली गहाण ठेवून शैक्षणिक कर्ज काढावे लागणार होते. तिचे वडील म्हणाले, “तुम्ही स्वतः इंजिनीअर, शिवाय पेपरात काम करता. तुम्हीच सांगा, यातलं चांगलं कुठलं?”

मी मोबाइलवर क्रमवारी उघडली आणि इंग्लंडच्या कागदावर बोट ठेवले. इंजिनीअरिंगला प्रवेश घेताना आम्ही तेच केले होते. कटऑफ, क्रमवारी, प्लेसमेंटचा आकडा पाहायचा आणि वरून खाली यादी भरत जायची. परतीच्या एसटीत मला स्वतःच्याच उत्तराची शंका येऊ लागली. नंतर या विषयाबद्दल वाचले, शिकणाऱ्यांशी आणि शिकवणाऱ्यांशी बोललो, तेव्हा कळले की मी चुकीच्या मापाने मोजत होतो. हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

मानवशास्त्र म्हणजे नेमके काय?

माणसाचा सर्व अंगांनी अभ्यास, ही त्याची सोपी व्याख्या. या विषयाच्या साधारण चार शाखा मानल्या जातात. शारीरिक किंवा जैविक मानवशास्त्रात उत्क्रांती, आनुवंशिकता, पोषण, शरीररचना येते. सामाजिक-सांस्कृतिक मानवशास्त्रात नातेसंबंध, जात, जमात, धर्म, बाजार, सत्ता येते. उरलेल्या दोन म्हणजे पुरातत्त्व आणि भाषा.

समाजशास्त्राशी त्याची सरमिसळ होते आणि भारतात दोघांमधली भिंत पातळच आहे. पण मानवशास्त्राची ओळख त्याच्या कामाच्या पद्धतीत आहे. ज्या लोकांचा अभ्यास करायचा त्यांच्यात दीर्घकाळ राहायचे, त्यांची भाषा बोलायची, रोज काय घडते ते वहीत उतरवायचे आणि मग मत बनवायचे. ब्रोनिस्लाव मालिनोव्हस्की यांनी १९१५ ते १९१८ या काळात ट्रोब्रियांड बेटांवर राहून केलेल्या कामानंतर ही पद्धत या विषयाचा कणा ठरली. तिलाच फील्डवर्क म्हणतात. इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला जशी प्रयोगशाळा, तसे मानवशास्त्राच्या विद्यार्थ्याला फील्ड.

महाडशी या विषयाचा काय संबंध?

महाड म्हटले की २० मार्च १९२७ रोजीचा चवदार तळ्याचा सत्याग्रह आठवतो आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला झालेले मनुस्मृतीचे दहन आठवते. त्याच्या जवळपास अकरा वर्षे आधीची एक तारीख मात्र इथल्या फार कमी विद्यार्थ्यांना सांगितली जाते. ९ मे १९१६ रोजी न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. ए. ए. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या सेमिनारमध्ये २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यांवर निबंध वाचला. जातीचे मूळ स्वजातीतच लग्न करण्याच्या बंधनात आहे आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या प्रथा त्या बंधनाशी जोडलेल्या आहेत, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्या वर्षी तो निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’मध्ये छापून आला.

त्या सेमिनारमधून थेट महाडचा सत्याग्रह निघाला, असा दावा कुणी करू नये. तळे खुले करण्यामागे मुंबई कायदेमंडळातला १९२३ चा बोले ठराव, महाड नगरपालिकेचा १९२४ चा ठराव आणि कोकणातल्या कार्यकर्त्यांची मेहनत होती. पण ज्या समाजव्यवस्थेत आपण वाढलो तिच्याकडे अभ्यासक म्हणून पाहता येते आणि तिचे चालणे उकलून दाखवता येते, हे त्या निबंधाने सिद्ध केले.

हे सांगण्याचे कारण असे. महाड-पोलादपूरचा माणूस आतापर्यंत या विषयात बहुतेकदा ‘माहिती देणारा’ म्हणून आला आहे. १८८३ चे कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटिअर असो वा १९२० ते १९२२ दरम्यान आलेले एन्थोवेन यांचे मुंबई इलाख्यातील जाती-जमातींवरचे तीन खंड, त्यांत इथल्या जातीजमातींची वर्णने आहेत. लिहिणारा मात्र बाहेरचा अधिकारी आहे. रायगड जिल्ह्यातले कातकरी तर केंद्र सरकारच्या वर्गवारीत विशेष असुरक्षित आदिवासी गटात मोडतात. महाराष्ट्रात असे तीनच गट आहेत : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यांच्यावर अहवाल झाले, पुस्तके झाली. पण वाडीतली मुलगी स्वतः वही घेऊन बसली, तर तिचे प्रश्न वेगळे असतील.

शिकायचे तर महाराष्ट्रात आणि देशात कुठे?

इथल्या मुलांना बारावीनंतर लोणेऱ्याचे तंत्रज्ञान विद्यापीठ ठाऊक असते, फार्मसी ठाऊक असते. मानवशास्त्र हा शब्द बहुधा स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्येच पहिल्यांदा कानावर पडतो. म्हणून पर्याय नीट मांडतो.

*पुणे :* सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग असून तिथे एम.ए. आणि एम.एस्सी. अशा दोन्ही वाटा आहेत. पुण्याच्याच डेक्कन कॉलेजात १९३९ पासून इरावती कर्वे यांनी समाजशास्त्र-मानवशास्त्राचे काम उभे केले. आज ती संस्था मुख्यतः पुरातत्त्व आणि भाषाशास्त्रासाठी ओळखली जाते. गांधारपाले लेणी पाहून ज्याला प्राचीन वस्तीबद्दल प्रश्न पडतात, त्याने तिकडे जरूर पाहावे.

*राज्याबाहेर :* हैदराबाद, दिल्ली आणि पुद्दुचेरी येथील केंद्रीय विद्यापीठांत मानवशास्त्र विभाग आहेत. तिथला प्रवेश सीयूईटी-पीजी या परीक्षेतून होतो. मध्य प्रदेशात सागर आणि अमरकंटक, कर्नाटकात धारवाड, तसेच कोलकाता असेही पर्याय आहेत. कोलकात्याचा विभाग देशातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक आहे.

*शेजारचे विषय :* मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाची स्थापना १९१९ मध्ये झाली. मालवणचे डॉ. गो. स. घुर्ये १९२४ पासून त्याचे प्रमुख होते. त्यांचे स्वतःचे उच्च शिक्षण केंब्रिजमध्ये मानवशास्त्रज्ञांच्याच हाताखाली झाले होते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतही गावांमध्ये जाऊन काम करायला लावणारे अभ्यासक्रम आहेत.

*नोकरी सांभाळून :* इग्नूमधून दूरशिक्षणाने मानवशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेता येते.

एम.ए. की एम.एस्सी., हे शाखेवर ठरते. आनुवंशिकता, पोषण, न्यायवैद्यक या बाजूला जायचे तर एम.एस्सी. आणि विज्ञानाची पार्श्वभूमी उपयोगी पडते. समाज आणि संस्कृतीकडे जायचे तर एम.ए. चालते. पात्रतेच्या अटी दरवर्षी बदलू शकतात, त्यामुळे त्या वर्षीचे माहितीपत्रक वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत.

मग निवड कशावर करायची?

माझ्या मते क्रमवारी शेवटी पाहावी. आधी चार प्रश्न विचारावेत.

*पहिला प्रश्न : विद्यार्थ्याला फील्डवर किती दिवस पाठवतात?* काही ठिकाणी फील्डवर्क म्हणजे वर्गाची सहल असते. काही ठिकाणी विद्यार्थी काही आठवडे गावात राहतो, स्वतः माहिती गोळा करतो आणि त्यावर प्रबंध लिहितो. दोन्हीकडच्या पदवीवर नाव एकच असते, शिक्षण मात्र एक नसते. प्रवेशाआधी विभागात फोन करून विचारावे : प्रबंध सक्तीचा आहे का? मागच्या तुकडीने कुठल्या विषयांवर लिहिले? फील्डचा खर्च कोण करतो? नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना एका वर्षात पदव्युत्तर पदवी घेता येते. वेळ वाचतो हे खरे. पण या विषयात तो फील्डच्या वाट्याचा तर वाचत नाही ना, हे पाहायला हवे.

*दुसरा प्रश्न : मार्गदर्शक कोण?* इरावती कर्वे यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या प्राध्यापकाच्या हाताखाली डॉक्टरेट केली. कवटीच्या दोन बाजूंतला फरक आणि वंश यांचा संबंध असतो, असे फिशर यांचे गृहीतक होते. इरावतीबाईंनी मापे घेतली, त्यांना तसा संबंध आढळला नाही आणि त्यांनी तसे लिहिले. पुढे याच फिशर यांच्या वंशविचाराचा नाझी राजवटीने वापर केला. म्हणजे संस्था नामवंत आणि प्राध्यापक प्रख्यात असला, तरी तो बरोबर असेलच असे नाही. विद्यार्थ्याच्या हाती आलेला पुरावा मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध गेला, तर तो लिहू देणारा माणूस हवा. विभागातल्या प्राध्यापकांचे दोन-तीन लेख वाचावेत, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोलावे. विद्यापीठाच्या नावावरून हे कळत नाही.

*तिसरा प्रश्न : तुमचा प्रश्न तिथे बसतो का?* ज्याला कातकरी वाडीतून वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास करायचा आहे, त्याने जनुकांवर भर असलेल्या विभागात दोन वर्षे घालवण्यात अर्थ नाही. उलटही तितकेच खरे. फॉर्म भरण्याआधी एका पानावर स्वतःचा प्रश्न लिहून काढावा. तो लिहिता येत नसेल, तर सहा महिने थांबून वाचन केलेले बरे.

*चौथा प्रश्न : पैसा कुणाचा?* हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारायला हवा होता, आणि तोच मी विचारला नाही.

परदेशात जावे की नाही?

जावे, पण स्वतःच्या कर्जावर नव्हे. हे माझे स्पष्ट मत आहे.

परदेशी शिक्षणाचे सरसकट एकच गणित नसते. अमेरिकेत मानवशास्त्राच्या पीएच.डी.ला अनेक विद्यापीठे फी माफ करतात आणि विद्यावेतन देतात. पदवीनंतर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो. जागा मात्र मोजक्या आणि स्पर्धा जगभरातली. ब्रिटनमधली एक वर्षाची एम.ए. बहुतांश वेळा विद्यार्थ्याच्याच खिशातून होते. चेव्हनिंगसारखी शिष्यवृत्ती तो खर्च उचलते, पण त्यासाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतण्याची अट असते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे.

केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीबाबत मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०२२-२३ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक संशोधन हे विषय वगळण्यात आले. अशा विषयांची साधने आणि तज्ज्ञ देशातच आहेत, त्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही, असे त्यामागचे कारण सांगण्यात आले. या निकषाने पाहिले तर १९१६ चा तो जातीवरचा निबंधही बाद ठरला असता. अर्ज करणाऱ्याने त्या वर्षीची नियमावली आणि स्वतःच्या विषयाचे शब्द दोन्ही तपासून घ्यावेत.

बाबासाहेब न्यू यॉर्कला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर : महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे. त्या बदल्यात संस्थानाच्या सेवेची अट होती. सोय आणि अट दोन्ही आधीच ठाऊक होत्या. कर्जाचे तसे नसते. संगणकाची पदवी घेतलेल्याला पहिल्या दोन वर्षांत चांगला पगार मिळाला तर हप्ता निघतो. मानवशास्त्राचे फळ उशिरा येते. एम.ए. नंतर नेट, मग पीएच.डी., मग कुठे स्थिर नोकरी. मध्येच हप्ता सुरू झाला की माणूस मिळेल ती नोकरी धरतो आणि विषय सुटतो. म्हणजे ज्या विषयासाठी खोली गहाण ठेवली, तोच विषय त्या गहाणामुळे सोडावा लागतो.

शिकून नोकरीचे काय?

पालकांचा हा प्रश्न रास्त आहे. त्याला ‘आवड महत्त्वाची’ असे उत्तर देऊन चालत नाही.

युजीसी नेटमध्ये मानवशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. त्यातून कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थाही पीएच.डी.साठी फेलोशिप देतात. मात्र ती मिळवण्यासाठी विद्यार्थ्यांना आंदोलने करावी लागल्याचे आपण पाहिले आहे. म्हणून केवळ तिच्यावर विसंबून घरचे गणित मांडू नये.

१९४५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानववंशशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेचे मुख्यालय कोलकात्यात आणि एक प्रादेशिक केंद्र नागपुरात आहे. देशातल्या ४,६३५ समुदायांची नोंद करणारा ‘पीपल ऑफ इंडिया’ प्रकल्प याच संस्थेचा. पुण्यात १९६२ पासून आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. शिवाय संग्रहालये, आरोग्य प्रकल्प, स्वयंसेवी संस्था आहेत. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत मानवशास्त्र हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय आहे आणि अनेक इंजिनीअर तो घेतात. पण फक्त परीक्षेसाठी हा विषय हवा असेल, तर दोन वर्षांच्या एम.ए.ची गरज नाही.

तंत्रज्ञान कंपन्यांतही वाट आहे. मानवशास्त्रज्ञ लुसी सचमन यांनी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात माणसे फोटोकॉपी यंत्र प्रत्यक्षात कसे वापरतात हे पाहिले. यंत्र बनवणाऱ्याने गृहीत धरलेला क्रम आणि माणसाचे वागणे वेगळे असते, हे त्यांनी १९८७ च्या पुस्तकात मांडले. आज ‘यूजर रिसर्च’ या नावाने चालणाऱ्या कामामागे ही परंपरा आहे. पण अशा नोकऱ्या मोठ्या शहरांत आणि मर्यादित आहेत, हेही सांगितले पाहिजे.

इथल्या डोंगराला मानवशास्त्र कशाला हवे?

२५ आणि २६ जुलै २००५ च्या पावसात महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहण येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले.

दरडींवर मी स्वतः एक एक्सप्लेनर लिहिला होता. त्यात पावसाचे मिलिमीटर होते, उताराचा कोन होता, मातीचा थर होता. महाड तालुक्यातल्या एका वाचकाने फोन करून विचारले, “वाडी सोडून आम्ही का जात नाही, हे कुणाला विचारलंत का?” मी विचारले नव्हते. शेत इथे, गुरे इथे, देवाचे ठाणे इथे. मुंबईतल्या भावाचा घरात हिस्सा. नव्या जागेत भावकी एकत्र राहील की तुटेल, याची धास्ती. यातले काही पर्जन्यमापकात दिसत नाही. आणि हे न कळता बांधलेली पुनर्वसनाची घरे रिकामी राहिली, तर दोष लोकांना दिला जातो.

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून पलीकडे गेले की कोयनेचे खोरे लागते. तिथल्या धरणग्रस्तांचे पुढे काय झाले, हे इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी घरोघरी फिरून नोंदवले. ती पाहणी १९६९ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली. तसे काम आपल्या दरडग्रस्त वाड्यांवर इथल्याच कुणी का करू नये? विषय पायाशी पडले आहेत. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाच्या खोलीत बसून गावाचे निर्णय कसे होतात? औद्योगिक वसाहतीतली नोकरी आणि भातशेती एकाच घरात कशी नांदते? शिमग्याच्या पालखीचा मान कुणाकडे जातो, आणि त्यावरचा वाद कोण मिटवतो? यासाठी मराठी येणे, गावकी-भावकी ठाऊक असणे ही आपली शिदोरी आहे. इंग्रजी वाचन वाढवावे लागेल, त्यात सवलत नाही. पण इंग्रजी शिकता येते. गावाने उंबऱ्याच्या आत घ्यावे, ही गोष्ट बाहेरच्याला वर्षानुवर्षे कमवावी लागते.

त्या दोन कागदांचे काय झाले?

ही चूक कळल्यावर दोन दिवसांनी मी त्या घरी फोन केला आणि माझे उत्तर मागे घेतले. इंग्लंडला नको असे म्हणालो नाही. शिष्यवृत्ती नसेल तर या वर्षी नको, एवढेच म्हणालो. दोन वर्षे इथे फील्डवर्क करा, प्रबंध लिहा, नेट द्या आणि मग हातात स्वतःचे काम घेऊन बाहेर अर्ज करा. वडिलांना हायसे वाटले असावे. मुलीला राग आला. “क्रमवारी तुम्हीच दाखवली होतीत ना?” ती म्हणाली. तिचे बरोबर होते.

तिने केंद्रीय विद्यापीठात प्रवेश घेतला. जाण्याआधी तिने एका पानावर लिहिलेला प्रश्न मला पाठवला : दरडीनंतर हलवलेल्या वाडीत माहेरवाशिणी येईनाशा का झाल्या? मी इंजिनीअर आहे. मला हा प्रश्न सुचला नसता.